तळव्यावरची फणी

"झोपलीस व्हय गं कैदाशिणी? उघड डोळं."

फणीचे दात टाचेपासून बोटांपर्यंत ओढले गेले आणि मी डोळे उघडले. दुसरं काही उघडता येत नव्हतं. तोंडात नळी होती, ती चिकटपट्टीनं गालाला बांधलेली होती, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला एक मशीन माझ्यासाठी श्वास घेत होतं. खाटेच्या पायथ्याशी माझी सासू, तानूबाई, लाकडी फणी पदराखाली लपवत होती. उवा काढायची फणी. इस्पितळात येताना म्हातारीनं बदलायला दुसरं लुगडं आणलं नाही, पण फणी तेवढी आठवणीनं आणली.

"बघतीया कशी," ती म्हणाली. "बापानं लग्नात गळकी घागर दिली तवाच म्या वळखलं, ह्या घरातली पोरगीबी गळकीच निघणार."

त्या घागरीचा विषय आमच्याकडं लग्नापासून चालला होता. घागर गळकी नव्हती. सासूनंच ती आडाच्या काठावर आपटली होती, आणि हे मी तिला वेळोवेळी ऐकवतही आले होते. आता ऐकवता येत नव्हतं. उत्तर नळीच्या खाली, छातीत, साठून राहिलं. तिथं आधीचीही बरीच साठली होती.

मला मण्यार चावली होती. आम्ही गुऱ्हाळावर कामाला होतो. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा ज्ञानू, रसाच्या काहिलीखाली चुलवाणात जाळ घालायचे, आणि मी पिळलेल्या उसाची चिपाडं वाळवून गोळा करायची. हंगामात घरी कोण जातंय? चिपाडाच्या ढिगालगत आम्ही पथारी टाकायचो. उबेला माणूस जातं तशी मण्यारही जाते. चावलेलं कळलंसुद्धा नाही. उजाडता उजाडता पोट दुखायला लागलं, तेव्हा मी आदल्या रात्रीच्या पिठल्याला शिव्या दिल्या. मग पापण्या पडायला लागल्या, जीभ जड झाली, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून शिवी अर्धवट बाहेर आली. त्यावरून गुऱ्हाळावर सगळ्यांना कळलं, की हौसाला काहीतरी मोठं झालंय.

दवाखान्यात न्यायचं सोडून मालकांनी मला आधी देवळात नेलं. तिथं भैरू देवरुषी होता. त्यानं मला खांबाला टेकवून बसवलं, कडुलिंबाचा पाला तोंडात कोंबला आणि सगळ्यांना बजावलं, की विष पुरतं उतरेपर्यंत हिला झोपू द्यायचं नाही. झोपली की गेली. तोंडावर पाणी मारा, गालात मारा, तळव्यांना टोचत राहा. एवढं शहाणपण सांगून होतंय तोवर माझा श्वास घरघरायला लागला. तसा भैरू, देवीला विचारून येतो म्हणून देवळामागं गेला आणि तिकडून तसाच घरी गेला. गुऱ्हाळाच्या धन्यांनी जीप काढली म्हणून मी जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात पोचले. हे सगळं मी ऐकलंय. डोळे मिटले होते, कान उघडे होते. कानांना पापण्या नसतात, ही त्या दिवसांत माझी सगळ्यात मोठी अडचण होती.

सुरुवातीचे काही दिवस मी मढ्यासारखी पडून होते. डॉक्टर शिरगुप्पे रोज सकाळी शिकाऊ पोरांचा घोळका घेऊन यायचे. एका पोरानं माझी पापणी वर करून आत बत्ती मारली आणि हिच्या मेंदूत काही उरलेलं दिसत नाही, असं माझ्या तोंडावर सांगितलं. शिरगुप्प्यांनी त्याला झापलं. मण्यारीच्या पेशंटला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, हे कायम लक्षात ठेवा, म्हणाले. आणि लगेच, माझ्या अंगावरून पलीकडच्या डॉक्टरांशी, कॅन्टीनच्या चहात किती पाणी घालतात यावर बोलायला लागले. मला ऐकू येत होतं ना, मग मलाही विचारायचं होतं चहाचं.

विष उतरत गेलं तसा आधी अंगठा हलला, मग मनगट, मग पापण्या. एक दिवस मान उशीवरून जराशी उचलली, तेव्हा शिरगुप्पे खूश झाले. आता मशीन सोडवायला लागायचं, म्हणाले. ते कसं सोडवतात हे सनदी सिस्टरनी सासूला समजावून सांगितलं. सनदी सिस्टर बुटक्या होत्या, तोंडानं फटकळ. त्या वॉर्डात मला आवडायचं असं तेवढं एकच माणूस.

"पोराचं अंगावरचं तोडतो का नाही आपण?" त्या म्हणाल्या. "एकदम तोडलं तर पोर रडून जीव देईल. एक वेळचं बंद करायचं, मग दोन वेळचं. तसंच मशीनचं."

"एवढी घोडी झाली," सासू म्हणाली, "आन आता हिचं दूध तोडायचं."

रोज सकाळी मशीनची नळी सुटायची, तिथं प्राणवायूची साधी नळी लागायची आणि मी माझ्या श्वासावर सोडली जायची. सिस्टर हात धरून बसायच्या. पहिल्या दिवशी वाटलं, जमतंय की. मग छातीवर कोणीतरी उसाची मोळी ठेवल्यासारखं झालं. मग दुसरी. कपाळावरून घाम कानात यायचा, नाकपुड्या फुगायच्या, डोक्यावरचा आकड्यांचा पडदा किंचाळायला लागायचा. शिरगुप्पे मान हलवायचे, आणि परत मशीन.

"थकलीय, दुसरं काही नाही," सिस्टर म्हणायच्या. "आता दिवसभर झोप काढ. झोपेनंच ताकद येते. उद्या परत बघू."

झोप काढ, हे त्यांनी मला सांगितलं. सासूला सांगितलं नाही. सासू तेव्हा नळावर चूळ भरायला गेलेली असायची.

भैरू पळाला होता, पण त्याचं शहाणपण सासूनं पदराला बांधून आणलं होतं. माझी पापणी खाली आली, की तळव्यावर फणी. त्यात तिला आयती सोय झाली. व्यायाम करून घेणारा एक उंच पोरगा यायचा, त्यानं तिला दाखवलं होतं, बोटं उघडमीट करायची, गुडघे वाकवायचे, तळवे चोळायचे. सासूनं बाकीचं सोडून दिलं आणि शेवटचं तेवढं उचललं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारी सुनेचे पाय चोळतेय. सगळ्या वॉर्डात तिचं नाव झालं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून तिच्याकडं बघून डोळे पुसायची आणि म्हणायची, अशी सासू मिळायला पुण्य लागतं. त्या बाईचा मला इतका राग यायचा, की माझ्या छातीत साठलेल्यातली दोन उत्तरं मी तिच्यासाठी वेगळी काढून ठेवली होती.

रात्री नातेवाइकांनी बाहेर जायचं असा नियम होता. सासू खाटेखाली पटकूर अंथरून दडायची आणि तिथून हात वर करायची. नियमानं खाटेखाली कधी वाकून बघितलं नाही.

फणी कमी पडली की तोंड चालू. माझ्या भाकरीला कसे भोकसे पडतात. माझी आई कशी लग्नात मानाचं लुगडं हलकं मिळालं म्हणून रुसली. माझी पोरगी कला माझ्याविना कशी दोन घास जास्त जेवते. मी चिपाडं गोळा करते का चिपाडांवर लोळते, हे मण्यारीलाच विचारायला पाहिजे. मी सगळं ऐकायची, आणि उत्तरं घासून घासून धार लावून ठेवायची. मला वाटायचं, म्हातारीला आयुष्यात पहिल्यांदा अशी सून मिळालीय जी उलटून बोलत नाही, आणि ती ही चैन पुरेपूर करून घेतेय. भैरूचं निमित्त.

सकाळचं जमेना. पहिल्या दिवशी जेवढा वेळ मी माझ्या श्वासावर राहिले, पुढच्या दिवशी त्याहून कमी, त्याच्या पुढं आणखी कमी. शिरगुप्पे चक्रावले. विष उतरलंय, हातपाय हलतायत, मग श्वास का धरत नाही? त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. छातीचे फोटो काढले. मशीनवाला माणूस बोलावून मशीन तपासलं. कुठून तरी त्यांच्याहून मोठे डॉक्टर आणले. त्यांनी टाय सारखा केला, कागद उलटेपालटे केले, ही केस मोठी इंटरेस्टिंग आहे असं सांगितलं आणि गेले. सगळं तपासून झालं. म्हातारीचा पदर तेवढा कोणी तपासला नाही.

शेवटी शिरगुप्प्यांनी मालकांना बोलावलं. मालक तोवर दाराच्या काचेतूनच मला बघायचे. तोंडात तंबाखू आहे म्हणून आत येता येत नाही, असं सांगायचे. थुंकून यावं हे त्यांना सुचत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, छातीत पू होण्याची भीती असते. आता गळ्याला भोक पाडून तिथून नळी घालावी लागेल. परवानगी द्या.

"आईला इचारतो," मालक म्हणाले.

सासूनं विचारलं, "आवाज जातो का वं त्यानं?"

"नळी आहे तोवर बोलता येणार नाही," शिरगुप्पे म्हणाले. पुढं आणखी काही सांगणार होते, पण त्यांना कोणीतरी हाक मारली आणि ते गेले.

सासूनं माझ्याकडं बघितलं. "मग घरात लईच शांत व्हईल," ती म्हणाली.

आवाज नंतर परत येतो, हे मला कोणी सांगितलं नाही. मला वाटलं, संपलं. माझ्याकडं दुसरं होतं काय? जमीन नाही, घर पत्र्याचं, अंगावर दागिना म्हणजे मणी. माझी जीभ होती. गुऱ्हाळावर गूळ काढणारा गुळव्या मला टरकायचा, धनी मला टरकायचे. गळ्याला भोक पडलं की ते सगळं भोकातून जाणार, आणि म्हातारी जन्मभर घागरीवर बोलत राहणार. भोक परवा सकाळी पाडायचं ठरलं. तोवर एकदा तरी माझ्या श्वासावर टिकायला हवं होतं, आणि त्यासाठी एकदा झोपायला हवं होतं. एवढीच गोष्ट होती. ती सांगता येत नव्हती.

सनदी सिस्टरच्या लक्षात आलं, की मी डोळ्यांनी काहीतरी सांगतेय. त्यांनी लहान पोरांच्या वॉर्डातून पाटी आणली, माझ्या बोटांत पेन्सिल अडकवली. लिही, म्हणाल्या. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. माझा अंगठाच चालायचा, आणि तोही नुकताच हलायला लागला होता. मग मी चित्र काढलं. एक आडवी रेघ, आणि तिला खाली उभ्या उभ्या बारीक रेघा. घाम फुटला, पण फणी झाली. अगदी फणीच. कोणालाही कळावी अशी.

शिरगुप्पे, सिस्टर, शिकाऊ पोरं, सगळी पाटीवर वाकली.

"फणी," सिस्टर म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पापण्या मिटून उघडल्या. होय, होय.

"अगं बया," सिस्टर म्हणाल्या, "केस विंचरून पाहिजेत हिला. किती दिवस झाले, जटा झाल्यात नुसत्या. मावशी, फणी आहे का तुमच्याकडं?"

आणि सासूनं, सगळ्यांच्या देखत, पदराखालून फणी काढली. उशाशी बसली. माझं डोकं मांडीवर घेतल्यासारखं हातात धरलं आणि एकेक गुंता सोडवत विंचरायला लागली. शेजारच्या खाटेवरची सून परत डोळे पुसायला लागली. शिरगुप्पे शिकाऊ पोरांना म्हणाले, औषधाइतकंच हेसुद्धा महत्त्वाचं असतं बरं का. पोरांनी माना डोलावल्या.

सासू माझ्या कानाशी वाकली. "चुगली करतीस व्हय?" ती हळूच म्हणाली, आणि गुंता जरा जोरात ओढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड नेहमीसारखा जेवणानंतर सुस्तावला होता. उद्या सकाळी भोक. सासू पायथ्याशी बसली होती. मी पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघितलं, कारण मान आता थोडी वळत होती. डोळ्यांच्या खोबणी झाल्या होत्या. मान पुढं पडायची आणि झटक्यानं सावरायची. मला बरं वाटलं. म्हटलं, भोग आता.

माझी पापणी पडली. फणी आली. या वेळी मी पाय ओढून घेतला, तेवढी ताकद आली होती. सासू उठली, खाटेच्या कडेनं पुढं आली आणि हाताच्या तळव्यावर फणी ओढायला गेली. मी मूठ मिटली. फणी मुठीत सापडली.

ती ओढायला लागली. मी सोडेना. एक मशीनवर जगणारी बाई आणि एक सुकलेली म्हातारी, दोघी उवांच्या फणीसाठी झटापट करत होतो, आणि भोवती एवढी शिकलेली माणसं जेवून पान खात होती. फणीचा एक दात मोडला. मी सगळा जोर लावून हात खाटेबाहेर नेला आणि मूठ उघडली. फणी खाली पडून खाटांखाली कुठंतरी लांब सरकली. म्हातारीला वाकून शोधायचं त्राण नव्हतं.

"मर मग," सासू म्हणाली आणि परत पायथ्याशी बसली. "म्या बोलत ऱ्हाते. बघू कशी झोपतीस."

ती बोलत राहिली. घागरीपासून सुरुवात केली. घागरीवरून भाकरी, भाकरीवरून माझी आई. पण शब्द एकमेकांत अडकायला लागले. आईची भाकरी गळायला लागली, घागर रुसली. मला आतून हसू येत होतं. मग ती काहीतरी वेगळंच बोलायला लागली, आवाजही वेगळा. तांबडी गाय सोड म्हणाली. पाऊस लागंल म्हणाली.

"सिदू, डोळं मिटू नगंस," ती म्हणाली. "जरा कळ काढ. म्या हाय जागी."

सिदू कोण, मला माहीत नव्हतं. आमच्या घरात त्या नावाचं कोणी नव्हतं. म्हटलं, म्हातारी चळली. मग तिचं डोकं माझ्या नडग्यांवर पडलं, धोंड्यासारखं जड, आणि ती घोरायला लागली. मी तिच्याकडं बघत जिंकल्याचा आनंद करणार होते. तेवढंही जमलं नाही. झोपेनं मला विहिरीत पडावं तसं आत घेतलं.

जागी झाले ती कालव्यानं. कोणीतरी माझ्या छातीवर डोकं आपटत होतं. सासू होती. माझे खांदे धरून ती मला गदागदा हलवत होती आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा हंबरडा फोडत होती, की मी पाठ टेकली, मी परत पाठ टेकली, आणि ही गेली. खिडकीतलं ऊन पार पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं. सनदी सिस्टर धावत आल्या, शिरगुप्पे आले, शिकाऊ पोरं आली. मी डोळे उघडून सगळ्यांकडं बघत होते. इतकं स्वच्छ मला कितीतरी दिवसांत दिसलं नव्हतं.

"काय झालं मावशी?" सिस्टर म्हणाल्या. "बघा की, जागी आहे ती."

सासूनं माझ्याकडं बघितलं. माझा गाल चाचपला. मग तिथंच फरशीवर बसली. "झोपली हुती," ती म्हणाली.

"मग? झोपू दे की. झोपायलाच पाहिजे तिनं."

"सापाच्या माणसाला झोपू देत्यात व्हय?"

शिरगुप्पे पुढं आले. त्यांनी हळू विचारलं, की मग ही कधीपासून झोपलेली नाही.

"आणल्यापास्नं," सासू म्हणाली. "येवढा टायम म्या डोळ्यात तेल घालून जागवली. आन आज घात केला."

एका शिकाऊ पोरानं खाटांखालून फणी काढून आणली. दात मोडलेली. शिरगुप्प्यांनी ती हातात घेतली, माझ्या पायावरची चादर बाजूला केली आणि तळवे बघितले. ही चादर त्यांनी रोज सकाळी दुसऱ्या टोकाकडून बघितली होती. मग त्यांचा आवाज चढला. ते म्हणाले, रक्त तपासलं, फोटो काढले, मोठे डॉक्टर आणले, उद्या गळा फाडणार होतो, आणि तुम्ही इथं बसून हिला मारत होता, बाई. तुमच्या हातानं मारत होता.

मी वाट बघत होते, सासू आता काय उलटं बोलते. म्हातारी कोणाचं ऐकून घेणारी नव्हती. पण ती फरशीकडं बघत होती.

"माझा सिदू झोपला हुता," ती म्हणाली. "भांगलणीवरनं आलो आमी. पायाला काय तरी चावलं म्हणला, आन मग म्हणला, आई, झोप येती. म्या म्हणलं, झोप बाळा. मलाबी आली हुती. त्याला कुशीत घेऊन म्याबी झोपले."

दारात मालक उभे होते. ते बाजूला गेले, पचकन थुंकण्याचा आवाज आला, आणि पहिल्यांदा ते वॉर्डात आले.

"माझ्या आदुगरचा भाऊ," ते डॉक्टरांना म्हणाले. "घरात कुणी नाव काढत न्हाय."

शिरगुप्प्यांचा आवाज उतरला. ते उकिडवे बसले. सासूला म्हणाले, की त्याला झोपेनं नाही नेलं, विषानं नेलं. विषानं श्वास बंद पडतो. जागा ठेवला असता तरी गेलाच असता. तेव्हा हे मशीन नव्हतं.

सासूनं मशीनकडं बघितलं.

"तुमास्नी काय ठावं," ती म्हणाली.

तिला वॉर्डाबाहेर काढलं. सिस्टरनी व्हरांड्यात तिला चटई दिली, तिथं पड म्हणाल्या. मला औषध देऊन झोपवलं. मधे कधीतरी डोळा उघडला तेव्हा दाराच्या काचेमागं मालकांच्या जागी तिचं तोंड होतं. काचेला नाक लावून बघत होती. भोक पाडायचं पुढं ढकललं. सकाळी माझी नळी मशीनपासून सोडवली, आणि मी घेतला श्वास. उसाची मोळी आलीच नाही. वरचा पडदा गप्प होता. शिरगुप्पे घड्याळाकडं बघायचे, माझ्याकडं बघायचे. आपणच काहीतरी केलंय असं तोंड होतं त्यांचं. मोठे डॉक्टरही येऊन बघून गेले, आणि मला वाटतं, केस इंटरेस्टिंग राहिली नाही म्हणून जरा नाराज झाले.

त्याच्या पुढच्या दिवशी तोंडातली नळी काढली. आतडी ओढून काढल्यासारखं झालं. खोकला आला, ढास आली, घशात काचा भरल्यासारखं झालं. सिस्टरनी तोंड पुसलं. सगळे भोवती वाकले.

"नाव सांगा तुमचं," शिरगुप्पे म्हणाले. "सावकाश. काय नाव?"

दारात सासू उभी होती, आज तिला आत घेतलं होतं. भिंतीला धरून उभी होती. सिस्टर स्टूल देत होत्या, ते घेत नव्हती. डोळे रक्तासारखे लाल, पापण्या सुजलेल्या. बसलं तर डोळा लागेल म्हणून उभी होती. नळी निघालेली तिला काचेतून दिसली होती, पण तिचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता, आणि मशीन तर आता बाजूला उभं होतं, बंद.

इतक्या दिवसांत साठवलेलं सगळं माझ्याजवळ होतं. भाकरी, आई, कला, चुगली. एकेक धार लावलेलं. यातलं पहिलं काय बोलायचं हेही मी ठरवून ठेवलं होतं.

"झोपा आता, आत्ती," मी म्हटलं.

आवाज माझा नव्हता, वाऱ्यानं पत्रा हलावा तसा होता. शिरगुप्पे म्हणाले, नाव विचारलं हो मी.

सासू दोन पावलं पुढं आली. "तू सांगणार व्हय मला?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "आन तू?"

"म्या हाय जागी."

"नक्की न्हवं?"

"घागर गळकी नव्हती," मी म्हटलं. एकेक शब्दाला घसा चिरत होता. "तुमीच आपटलीसा आडावर. ह्ये कबूल केल्याबिगर म्या डोळा मिटत न्हाय."

शेजारच्या खाटेवरच्या सुनेनं या वेळी डोळे पुसले नाहीत. आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात सासू पहिल्यांदा उत्तर न देता वळली. खाट आणि भिंत यांच्यामधल्या फरशीवर ती आडवी झाली, पदर तोंडावर ओढून घेतला. सिस्टर तिला उठवायला निघाल्या, तर शिरगुप्प्यांनीच हात करून थांबवलं.

लगेच घोरायला लागली. कसलं ते घोरणं. गुऱ्हाळाचं इंजिन बरं. पलीकडचा म्हातारा कुरकुरायला लागला, शिकाऊ पोरं तोंडावर हात धरून हसली आणि पांगली. घागरीचं तिनं मरेपर्यंत कबूल केलं नाही, ते वेगळं.

"चला, आता तूसुद्धा झोप," सनदी सिस्टर चादर सारखी करत म्हणाल्या. "लागेल बघ आता छान."

मी मानेनं नाही म्हटलं. म्हातारीचा काय भरवसा. मधेच उठली आणि माझे डोळे मिटलेले दिसले, तर परत वॉर्ड डोक्यावर घेतला असता. मी छताकडं बघत, माझा मीच श्वास घेत, जागी पडून राहिले.